पत्र कोणाच्या हुकमाने उघडले?

टपालपेटीत पत्र टाकणारा मनुष्य आपला मजकूर एका अनोळखी माणसाच्या हाती सोपवीत असतो. त्याने तो मुक्कामी पोचवावा आणि वाटेत वाचू नये, एवढाच त्या व्यवहारातील अलिखित करार. टपालाच्या जोडीला तार आली, मग दूरध्वनी आला आणि आता इंटरनेट आले. साधने पालटली, पण मधला वाहक कायम राहिला. आज तो वाहक म्हणजे इंटरनेटची सेवा पुरविणारी कंपनी होय. ग्राहकाचे नाव काय, त्याने जोडणी केव्हा घेतली, किती वाजता कोणत्या ठिकाणाशी त्याचा संपर्क झाला, याच्या नोंदी तिच्या दप्तरी असतात. गुन्ह्याचा माग काढणारे पोलीस या दप्तराकडे वळणार, हे उघड आहे. ते दारी आले म्हणजे कंपनीने काय करावे? प्रश्न नवा वाटतो खरा. परंतु त्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे आणि तो लंडनच्या टपालकचेरीपासून सांगावा लागतो.

जोसेफ मॅझिनी हे नाव महाराष्ट्राला परके नाही. त्याचे आत्मचरित्र सावरकरांनी मराठीत आणले व ते 1907 साली पुण्यात प्रसिद्ध झाले. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारा हा पुरुष 1844 साली लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होता. आपल्याला येणारी पत्रे आधीच कोणीतरी वाचते, असा संशय त्याला आला. तेव्हा त्याने आपल्या स्नेह्यांना लिफाफ्यात खसखशीचे दाणे, एखादा केस, वाळूचे कण घालून पत्रे पाठविण्यास सांगितले. पत्रे हाती येत, पण आतले दाणे आणि कण नाहीसे झालेले असत. संशयाची खात्री पटली, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात टॉमस डन्कम या सभासदाने ही तक्रार पार्लमेंटपुढे मांडली.

गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी तपशील देण्याचे नाकारले. मंत्र्याने आज्ञापत्र काढले तर पत्र उघडता येते, अशी तरतूद कायद्यात होती, आणि तिचाच आधार त्यांनी घेतला. एवढ्याने लोकांचे समाधान झाले नाही. दोन्ही सभागृहांना गुप्त चौकशी समित्या नेमाव्या लागल्या. मॅझिनीची पत्रे कित्येक आठवडे उघडली जात होती आणि त्यांतून निघालेली माहिती परकीय सत्तेला कळविण्यात आली होती, हे चौकशीत बाहेर आले. पत्र चोरून वाचणे याला ‘ग्रॅहॅम करणे’ असे लोक थट्टेने म्हणू लागले. परदेशी पत्रव्यवहार तपासणारे टपालखात्यातील गुप्त दालन त्याच वर्षी बंद झाले. मंत्र्याचा अधिकार मात्र कायद्यात जसाच्या तसा राहिला.

या प्रकरणात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पत्र वाहणारा आणि पत्र फोडणारा दोघेही एकाच सरकारचे नोकर होते. वरिष्ठांची सही दिसली की कारकुनाचे काम संपले. सही योग्य कारणासाठी झाली आहे काय, हे विचारण्याची त्याला मुभा नव्हती, आणि ज्याचे पत्र त्याला तर काहीच कळण्याची सोय नव्हती. मॅझिनीसारख्या कारस्थाने आणि पाळत यांत मुरलेल्या माणसाला खसखशीची युक्ती सुचली. सामान्य माणसाला ती कोठून सुचावी?

दूरध्वनी आला तेव्हा अमेरिकेत वाहक खासगी कंपनी होता. त्या देशात दारूबंदी असताना सिअ‍ॅटल शहरातील रॉय ओल्मस्टेड याच्या टोळीचे संभाषण सरकारी अंमलदारांनी तारांना जोड देऊन ऐकले. 1928 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. घरात शिरकाव झाला नाही, बाहेरच्या तारेवर ऐकले, म्हणून ही झडती नव्हे, असे बहुमत पडले. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी त्याविरुद्ध मत नोंदविले. त्या खटल्यात दूरध्वनी कंपन्यांनी स्वतंत्र निवेदन दाखल करून अशा चोरून ऐकण्याला विरोध दर्शविला होता. आपल्या तारेवर लोकांचा विश्वास राहिला नाही तर आपला धंदाही राहणार नाही, हे व्यापारी शहाणपण त्यामागे असेल. पण वाहक ग्राहकाच्या बाजूने न्यायालयात उभा राहिला, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. पुढे 1967 साली त्याच न्यायालयाने आपले मत बदलले आणि संभाषण ऐकण्यासही न्यायाधीशाची परवानगी आवश्यक ठरविली.

मात्र 1979 सालच्या एका निकालाने एक मोठे दार उघडे राहिले. बोललेले शब्द आणि फिरविलेला क्रमांक यांत न्यायालयाने भेद केला. क्रमांक ग्राहक आपण होऊन कंपनीला कळवितो. तेव्हा तो गुप्त राहील अशी अपेक्षा त्याने धरू नये, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे पत्राच्या आतील मजकूर सुरक्षित, परंतु पाकिटावरचा पत्ता कोणीही पाहावा. टपालाच्या जमान्यात हा भेद पुरेसा होता. इंटरनेटच्या युगात पाकिटच मजकुराहून बोलके झाले. एखादा मनुष्य रात्री कोणत्या रोगाची माहिती शोधतो, कोणत्या पक्षाचे लेख वाचतो, कोणाशी दिवसातून दहा वेळा संपर्क साधतो, हे नुसत्या नोंदींवरून कळते. 2018 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या विचाराला काहीशी मुरड घातली. एका आरोपीच्या खिशातील दूरध्वनी 127 दिवस कोठे कोठे होता, हे कंपनीच्या नोंदींवरून काढण्यात आले होते. अशा नोंदींसाठी यापुढे न्यायाधीशाचे आज्ञापत्र पाहिजे, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले.

अमेरिकेच्या काँग्रेसने 1986 साली विद्युत-संदेशांसंबंधी कायदा केला, तेव्हा त्यात पायऱ्या ठेवल्या. ग्राहकाचे नाव-पत्ता हवा असेल तर साधे मागणीपत्र, सविस्तर नोंदी हव्या असतील तर न्यायालयाचा आदेश, आणि ताज्या पत्राचा मजकूर हवा असेल तर गुन्ह्याचा सबळ आधार दाखवून घेतलेले आज्ञापत्र, अशी ती रचना होती. जितकी माहिती अधिक खासगी तितकी पायरी उंच, हे तत्त्व योग्यच म्हटले पाहिजे. पण त्याच कायद्यात एक आडवाटही होती. परकीय हेरांच्या तपासासाठी न्यायाधीशाकडे न जाता केंद्रीय तपासखात्याने स्वतःच्या सहीने पत्र काढावे, आणि कंपनीने त्याविषयी मौन पाळावे, अशी ती वाट होती. तिला राष्ट्रीय सुरक्षापत्र असे नाव आहे. 2001 सालच्या दहशतवादी हल्ल्यानंतर ही वाट फार रुंद करण्यात आली. तपासाशी संबंध आहे एवढे खात्याने म्हटले की पुरे झाले. अमेरिकेच्या न्यायखात्याच्याच महानिरीक्षकांनी 2007 साली अहवाल दिला, त्यानुसार 2003 ते 2005 या तीन वर्षांत अशा 1,43,074 मागण्या करण्यात आल्या होत्या.

यांतील एक पत्र 2004 सालच्या आरंभी न्यूयॉर्कमधील निकोलस मेरिल याच्या हाती पडले. तो एका लहानशा इंटरनेट कंपनीचा चालक होता. पत्रात एका ग्राहकाविषयी माहिती मागितली होती, आणि ही मागणी झाल्याचे कोणालाही सांगू नये अशी ताकीद होती. पत्रावर न्यायाधीशाची सही नव्हती. मेरिलने ती उणीव पाहिली आणि माहिती न देता नागरी स्वातंत्र्यसंघाच्या वकिलांची गाठ घेऊन सरकारवर दावा लावला. तोंडबंदी अशी कडक की दाव्यातही त्याचे नाव घालता येईना. कागदोपत्री तो केवळ ‘अमुक एक’ राहिला. आप्तेष्टांनाही आपण कोणत्या खटल्यात गुंतलो आहोत हे तो सांगू शकत नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी ही तरतूद राज्यघटनेविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. सरकारने अपील केले, काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली, खटला पुन्हा चालला. 2006 साली तपासखात्याने माहितीची मागणीच मागे घेतली, परंतु मौनाची अट उठविली नाही. 2010 साली मेरिलला आपले नाव उघड करण्याची परवानगी मिळाली. मागणीपत्रात नेमके काय मागितले होते, हे सांगण्याची मोकळीक मात्र 2015 साली, म्हणजे अकरा वर्षांनी मिळाली. तेव्हा कळले की, एका पत्राच्या बळावर ग्राहकाने पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास, त्याच्याशी संपर्क आलेल्यांचे क्रमांक आणि त्याने केलेल्या खरेदीच्या नोंदी, इतके सारे मिळू शकते असे खात्याचे मत होते. लक्षावधी मागण्यांपैकी न्यायालयापर्यंत गेलेल्या अगदी मोजक्या आहेत. बाकीच्या ठिकाणी वाहकाने पत्र वाचले आणि दप्तर पुढे केले, असेच म्हणावे लागते.

आता भारताकडे वळू. इंग्रजांनी 1885 साली तार कायदा केला आणि सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी संदेश अडविण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. 1898 च्या टपाल कायद्यातही तसाच अधिकार होता. स्वातंत्र्यानंतर हे कायदे चालू राहिले. 1986 साली टपाल कायद्यातील हा अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने संमत केले. परंतु राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. तार कायद्याखाली दूरध्वनी ऐकण्याची कार्यपद्धती मात्र एका शतकाहून अधिक काळ लिहिलीच गेली नव्हती. ती 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघाच्या याचिकेवर, घालून दिली. हुकूम गृहसचिवानेच द्यावा, निकडीच्या प्रसंगी सहसचिवाला तो अधिकार देता येईल; हुकमाची मुदत दोन महिने आणि एकूण सहा महिन्यांहून अधिक नसावी; वरिष्ठ सचिवांच्या समितीने प्रत्येक हुकूम पुन्हा तपासावा. पुढे 2007 साली हे नियम तार नियमावलीत घालण्यात आले आणि 2009 साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली इंटरनेटसाठीही तशीच नियमावली झाली. 2023 सालच्या दूरसंचार कायद्याने तार कायद्याची जागा घेतली, आणि डिसेंबर 2024 मध्ये निघालेल्या नियमांत लेखी हुकूम व पुनर्विचार समिती हा सांगाडा कायम ठेवण्यात आला.

या साऱ्यांत न्यायाधीश कोठे आहे? कोठेही नाही. हुकूम देणारा सचिव आणि तो तपासणारेही सचिवच. म्हणूनच वाहकाची जबाबदारी येथे अधिक वाढते. ती किती खरी आहे, हे 2005 सालच्या एका प्रकरणावरून दिसून आले. दिल्लीतील एका राजकीय पुढाऱ्याचा दूरध्वनी खासगी कंपनीने पोलिसांचा व गृहखात्याचा हुकूम समजून ऐकण्यासाठी जोडून दिला. तो हुकूम बनावट होता. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या पुढाऱ्याची याचिका अन्य कारणांमुळे फेटाळली, तरी कंपनीलाही खडसावले. हुकमाच्या कागदात ढोबळ चुका होत्या. त्या पाहून कोणाही सावध माणसाला शंका आली असती, आणि खातरजमा करणे कंपनीचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले. 2009 च्या नियमांत या दृष्टीने एक साधी पण शहाणपणाची तरतूद आहे. हुकूम पोचल्याची पोच कंपनीने दोन तासांत द्यावयाची, आणि दर पंधरा दिवसांनी आपल्याकडे आलेल्या हुकमांची यादी सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवून ते खरे असल्याची खात्री करून घ्यावयाची. ज्या हुकमाची तेथे नोंद नाही, तो उघडकीस यावा, हा हेतू. दुसऱ्या बाजूने, खऱ्या हुकमाला साहाय्य न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा त्याच कायद्यात आहे. वाहकाने ‘नाही’ म्हणावे असे कायदा सांगत नाही. ‘आधी कागद दाखवा’ असे म्हणावे, इतकेच सांगतो.

संभाषण ऐकण्यापुरती ही तटबंदी आहे. नुसते नाव आणि पत्ता हवा असेल तर ती नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, पोलीस ठाण्याचा अंमलदार लेखी आदेशाने कोणाकडूनही कागदपत्र मागवू शकतो. टपालखात्याच्या ताब्यातील पत्र मात्र जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालय यांच्या हुकमावाचून मागविता येत नाही. साध्या पोस्टकार्डालाही जे संरक्षण पूर्वीपासून मिळत आले, ते कंपनीच्या ग्राहकनोंदीला नाही.

अशा नोंदीत झालेली चूक केवढी भोवते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या पोलीस दप्तरातच आहे. 2007 साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र प्रसिद्ध झाले. लोकांच्या भावना दुखावल्या आणि पुणे पोलिसांनी तपास हाती घेतला. ज्या जोडणीवरून चित्र चढविले गेले, तिचा क्रमांक मिळाला. तो क्रमांक कोणाचा, हे सेवा देणाऱ्या कंपनीने सांगितले. आणि त्या नावाच्या बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला पोलिसांनी पकडले. सुमारे पन्नास दिवस तो कोठडीत होता. मग कळले की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, त्या तरुणाचा चित्राशी काडीचा संबंध नव्हता. पोलिसांचा हेतू वाईट नव्हता, गुन्हाही खरा होता. दप्तरातल्या एका ओळीने निरपराध मनुष्य तुरुंगात गेला.

अशी चूक होणे किती सोपे आहे, हे समजून घेतले पाहिजे. इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक घराच्या क्रमांकासारखा स्थिर नसतो. तो रेल्वेतील बाकासारखा असतो. सकाळी एक प्रवासी बसतो, दुपारी दुसरा. म्हणून क्रमांकाबरोबर तारीख आणि वेळ बिनचूक पाहिजे. वेळ ग्रीनिचची की भारताची, हे लिहिले नसेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि भलत्याच माणसाचे नाव पुढे येते. अलीकडे तर एकच क्रमांक एका वेळी अनेक ग्राहकांत वाटून दिलेला असतो. त्यामुळे अपुऱ्या मागणीला घाईने उत्तर देणारी कंपनी पोलिसांना मदत करीत नाही, त्यांची दिशाभूल करते. मागणी नीट तपासणे हे ग्राहकाच्या हिताचे आहे, तसेच खऱ्या गुन्हेगाराला पकडू पाहणाऱ्या पोलिसांच्याही हिताचे आहे.

पोलिसांनी माहिती मागूच नये, असे कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाही. पळवून नेलेले मूल, फसवणुकीने लुबाडलेला वृद्ध, धमकीची पत्रे मिळणारी स्त्री, यांचा शोध याच नोंदींवरून लागतो. वाहकाला विचारता येतील असे प्रश्न मोजकेच आहेत: हुकूम कोणी दिला, कोणत्या कायद्याखाली, कोणाविषयी, किती माहितीसाठी आणि किती मुदतीसाठी? न्यायालयेही हेच विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये एका लाचलुचपतीच्या प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याचे तीन हुकूम याच कसोटीवर रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता यांचा त्या हुकमांमागे आधार नव्हता, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करण्याची आज्ञा झाली. त्याआधी 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले होते, त्याचे बळ या निकालामागे होते.

एक उणीव मात्र 1844 पासून भारतात तशीच आहे. ज्याचे पत्र वाचले गेले, त्याला ते कधीच कळत नाही. अमेरिकेत 1968 सालच्या कायद्याप्रमाणे दूरध्वनी ऐकण्याची मुदत संपल्यावर सामान्यतः नव्वद दिवसांत त्या माणसाला कळवावे लागते. न्यायाधीशाला ती वेळ लांबविता येते, पण कळविण्याचे बंधन सुटत नाही. भारतीय नियमांत अशी तरतूद नाही; उलट गुप्तता पाळण्याचे बंधन कंपनीवर आहे. गुन्हा शाबीत झाला नाही, संशय खोटा ठरला, तरी निर्दोष मनुष्य अज्ञानातच राहतो, आणि अज्ञानात असलेल्या माणसाला न्यायालयाची पायरी चढता येत नाही. तपास चालू असताना गुप्तता हवी, हे मान्य. तपास संपल्यावर ती कोणासाठी राखावयाची? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहिले जाईपर्यंत सामान्य ग्राहकाचा भरवसा एका अनोळखी अधिकाऱ्यावर राहणार आहे. तो कंपनीच्या कचेरीत बसतो, त्याच्या मेजावर रोज मागणीपत्रे येऊन पडतात, आणि सही करण्यापूर्वी त्याने कागद पुरता वाचला की नाही, यावर दूर गावच्या एखाद्या माणसाची अब्रू अवलंबून असते.